कोलाम स्त्रियांविषयीची साधने व ‘संमती’ या शब्दाचा विचार

यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासाची साधने शोधू लागले असता अभ्यासकांची दृष्टी प्रथम सनदा, शिलालेख, देवालये व घराण्यांच्या कैफियती यांकडे वळते, आणि ते योग्यच होय. परंतु केळापूर, झरी-जामणी, मारेगाव व वणी या तालुक्यांत पोडांवर राहणाऱ्या कोलाम लोकांचा इतिहास अशा साधनांत फारसा सापडावयाचा नाही. त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले, ते सरकारी अधिकारी, भाषाशास्त्रज्ञ, न्यायाधीश व वार्ताहर यांनी लिहिले. सबब, या लेखनाचा उपयोग करण्यापूर्वी ते लिहिणाराने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, याची परीक्षा करणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखात ही परीक्षा आम्ही एकाच प्रश्नापुरती करणार आहो. स्त्रीवर झालेल्या बळजबरीच्या प्रसंगी तिची स्वतःची इच्छा या लेखनात कोठे व कशी नोंदली गेली आहे, हा तो प्रश्न होय.

पहिले साधन म्हणजे रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींविषयीचा, १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ. वऱ्हाडच्या पूर्व भागाची माहिती देणारा आजचा बहुतेक प्रत्येक लेखक याच ग्रंथावर विसंबतो. कोलामांची वस्ती मुख्यत्वे वणी तालुक्यात असल्याचे सांगून १९११ च्या खानेसुमारीस धरून त्यांची संख्या सुमारे २५,००० दिली आहे. कुळे, देवके व लग्नविधी यांची माहिती श्रमपूर्वक जमविलेली आहे, आणि त्याबद्दल ग्रंथकारांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु बायको पळवून आणून लग्न लावण्याची, आणि पूर्वी वर न मिळालेल्या स्त्रीसाठी पुरुष धरून आणण्याची, अशा दोन चालींचे वर्णन येते तेव्हा लेखनाचा सूर बदलतो. दुसऱ्या चालीस मातृसत्तेचा अवशेष हे नाव देऊन किंचित थट्टेने ती पुढे मांडली आहे. पळविलेली स्त्री राजी होती की नव्हती, हा प्रश्न मात्र ग्रंथकारांस पडलेला दिसत नाही. चालीचे नाव सापडले की शोध संपला, अशी ही पद्धती आहे.

आमच्या धर्मशास्त्राशी तुलना केली असता हा उणेपणा अधिक स्पष्ट होतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत राक्षसविवाहाचे लक्षण करताना, आक्रोश करणाऱ्या व रडणाऱ्या कन्येस घरातून बळाने नेणे, असे म्हटले आहे. निजलेल्या, मद्य प्यालेल्या अथवा भान नसलेल्या कन्येशी केलेला संग तो पैशाच, व तो सर्वांत अधम. क्षत्रियास राक्षसविवाहाची मोकळीक देऊन स्मृतिकारांनी अन्यायास वाट करून दिली, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. तथापि कन्येचे रडणे हा त्यांनी लक्षणाचा भाग मानला, हेही तितकेच खरे. १९१६ च्या ग्रंथकारांना ते रडणे ऐकू आले नाही. त्यांना केवळ चाल दिसली.

दुसरे साधन न्यायालयाचे आहे. ते यवतमाळचे नसून शेजारच्या, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजचे आहे. परंतु विदर्भातील आदिवासी स्त्रीच्या साक्षीला काय किंमत मिळाली, हे दाखविणारा याहून महत्त्वाचा लेख आमच्या पाहण्यात नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका पोरक्या, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांस सोडून दिले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निर्णय फिरविला. भीतीने निमूट राहणे निराळे व संमती देणे निराळे, हा भेद त्या निर्णयात केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी आरोपींस पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार झाला नाही. आणि मुलीने आपण ओरडल्याचे सांगितले ते बनावट, असा त्या निर्णयाचा आशय आहे. स्मृतिकारांनी जो आक्रोश लक्षणात घेतला, तोच येथे अविश्वसनीय ठरला.

उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चौघा विधिज्ञांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहून या निर्णयावर टीका केली. आमच्या मते विदर्भाच्या इतिहासात या पत्राचे स्थान एखाद्या सनदेइतके मोठे आहे. ते एका निर्णयलेखाचे परीक्षणच होते. शब्दाला शब्द लावून संमती व शरणागती यांतील अंतर त्यांनी दाखविले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती मानू नये, असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. ‘संमती’ या शब्दात ‘सम्’ हा उपसर्ग आहे. दोघांचे मत एक होणे, हा त्याचा अर्थ. एकाने भ्यावे व दुसऱ्याने त्यास होकार समजावे, याला संमती म्हणणे व्याकरणासही मान्य होणार नाही.

तिसरे साधन आजचे आहे. झरी-जामणी व आसपासच्या तालुक्यांत बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी व नोकरदार यांनी लग्नाचे आमिष दाखवून कोलाम मुलींस फसविले व मूल झाल्यावर सोडून दिले, अशा हकीकती वृत्तपत्रांतून व अहवालांतून अनेक वर्षे येत आहेत. या स्त्रियांस ‘कुमारी माता’ हे नाव पडले आहे. त्यांची संख्या किती, यावर सरकारी मोजणी व कार्यकर्त्यांची मोजणी यांचा मेळ बसत नाही. आम्ही संख्येच्या वादात न शिरता नावाचा विचार करतो. ‘कुमारी माता’ या दोन शब्दांत स्त्री आहे, तिचे अविवाहितपण आहे व मूल आहे. ज्याच्या कृत्याने हे घडले तो पुरुष मात्र नाही. कर्ता गाळून वाक्य लिहिले की दोष उरलेल्या पदांकडे जातो.

प्राचीनांनी अशा अपत्यास ‘कानीन’ म्हटले. मनूच्या मते तो कन्येशी पुढे लग्न करणाऱ्याचा पुत्र, तर याज्ञवल्क्याच्या मते मातामहाचा. दोघांनीही मुलास घर दिले. जन्मदात्यास मात्र दोघांनीही मोकळे सोडले. आजच्या कायद्याने ही उणीव भरून काढली आहे. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाचे पोषण पित्याकडून मागता येते. हा हक्क १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ ने होता, तो नव्या संहितेत कलम १४४ ने कायम आहे. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर २०१२ च्या कायद्यापुढे तिच्या संमतीची सबबच चालत नाही. अनुसूचित जमातींवरील अत्याचाराचा १९८९ चा कायदा आहे तो निराळाच. अहवाल लिहिणाराने ‘कुमारी माता’ एवढे लिहून थांबू नये. फसविणारा कोण व त्याच्यावर काय कारवाई झाली, हेही लिहावे.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोलामांत पळवून लग्न करण्याची रीतच होती, तेव्हा हे त्यांच्यात चालतेच, असे बोलणारे शिक्षित लोक आढळतात, आणि आधारास १९१६ चा ग्रंथ पुढे करतात. हा युक्तिवाद पोकळ आहे. रीतीने लग्न करणारा पुरुष पोडातलाच. त्यास पंच, सोयरे व कूळ यांना तोंड द्यावे लागे. बाहेरचा ठेकेदार यांपैकी कोणासही बांधील नाही. रीतीतील बंधन टाकून देऊन तिच्यातील मोकळीक तेवढी उचलणे म्हणजे रीत पाळणे नव्हे. अपुरी नोंद शंभर वर्षांनंतरही दुबळ्यांस कशी इजा करते, याचे हे उदाहरण होय. कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचीही गणना राज्यातील विशेष असुरक्षित जमातींत होते. त्यांच्याविषयी लिहिणारावर म्हणूनच अधिक जबाबदारी आहे.

या परीक्षेतून संशोधकांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, साक्ष शक्य तो कोलामी भाषेतच घ्यावी व तशीच लिहून ठेवावी. ही भाषा लिहिता येत नाही, ही सबब चालणार नाही. एमेनो या पंडिताने तिचे सविस्तर व्याकरण १९५५ सालीच प्रसिद्ध केले आहे. दुसरी, पीडित स्त्रीचे नाव देऊ नये. देसाईगंजच्या प्रकरणाची ओळख आजही त्या मुलीच्या नावाने दिली जाते; १९८३ पासून कायद्याने अशी ओळख उघड करणे गुन्हा ठरविले असून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने तो नियम पुढे चालविला आहे. नावावाचून इतिहास अपुरा राहतो, असे काही म्हणतील. पण स्थळ, काळ, कृत्य व न्यायालयाचा निर्णय यांनी तो पुरेसा पुरा होतो. थोड्या घरांच्या पोडात तर गावाचे नाव देणे हेही स्त्रीचे नाव देण्यासारखेच आहे, हे विसरू नये. तिसरी, जुन्या ग्रंथातील ‘चाल’ हा शब्द उतरवून घेताना, त्या चालीविषयी स्त्रीचे म्हणणे तेथे नोंदले आहे की नाही, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावे.

यवतमाळच्या साधनांची सूची पुढेमागे होईल, तेव्हा सनदा व शिलालेखांच्या शेजारी १९७८ चा निर्णय, १९७९ चे पत्र व कोलामी भाषेत घेतलेल्या साक्षी यांसही स्थान मिळावे, अशी आमची सूचना आहे. तिचा विचार अभ्यासकांनी करावा.