लैंगिक अत्याचार व तज्जन्य गर्भधारणा : परस्परविरोधी आकडेवारीची चिकित्सा
(मुंबईच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

लैंगिक अत्याचारातून गर्भधारणा होण्याचे प्रमाण किती, या प्रश्नाला शोधनिबंधांतून मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कोठे ते 5 टक्के सांगितले जाते, कोठे 6.42 टक्के, तर कोठे 12 टक्क्यांहून अधिक. अत्याचारांच्या एकूण संख्येबाबतही हीच स्थिती आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2013 मध्ये देशात बलात्काराचे 33,707 गुन्हे नोंदले गेले. उलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 18 ते 49 वयोगटातील सुमारे 6 टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हे प्रमाण लोकसंख्येस लावल्यास संख्या कोटींच्या घरात जाते. अशा वेळी अभ्यासक आपल्या मतास अनुकूल आकडा उचलतो किंवा आकडेवारीवरचा विश्वासच सोडून देतो. हे दोन्ही मार्ग घातक आहेत. यांतील बहुतेक आकडे आपापल्या प्रश्नापुरते ग्राह्य आहेत. विरोध निर्माण होतो तो प्रश्न विसरून उत्तरे शेजारी मांडल्यामुळे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

1. व्याख्येचा प्रश्न : परळ, 1973

27 नोव्हेंबर 1973 रोजी परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. आरोपीस शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी. त्यांच्यावर झालेला लैंगिक अत्याचार गुदमार्गे होता, आणि भारतीय दंड संहितेच्या तत्कालीन कलम 375 मधील बलात्काराच्या व्याख्येत तो बसत नव्हता. बलात्काराच्या शासकीय आकडेवारीत त्यामुळे या घटनेस स्थान नाही.

2013 च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने ही व्याख्या विस्तारली. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. मात्र ज्या कृत्यांतून गर्भधारणा संभवतच नाही अशी कृत्येही छेदात आल्याने 'दर शंभर बलात्कारांमागे गर्भधारणा' हे प्रमाण, वास्तवात काहीही न बदलता, कागदावर घटते. तेव्हा 2013 पूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करणे सदोष ठरते.

2. नोंदीचा प्रश्न : महालक्ष्मी, 2013

मुंबई शहरात 2012 मध्ये बलात्काराचे 232 गुन्हे नोंदले गेले. 2013 मध्ये ही संख्या 391 झाली. एका वर्षात सुमारे 69 टक्के वाढ! शहर एकाएकी तितके हिंसक झाले असा अर्थ यातून काढता येईल काय? महालक्ष्मी येथील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात 22 ऑगस्ट 2013 रोजी एका छायाचित्र-पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या गुन्ह्याची तक्रार झाली, अटका झाल्या. त्यानंतर दुसरी एक तरुणी पुढे आली आणि त्याच आवारात 31 जुलै रोजी आपल्यावरही असाच अत्याचार झाल्याचे तिने सांगितले. पहिल्या तरुणीने तक्रार केली नसती तर 31 जुलैचा गुन्हा घडूनही मोजला गेला नसता. नोंद झालेल्या गुन्ह्यांची संख्या ही अत्याचारांबरोबरच तक्रार करण्याच्या धैर्याची आणि ती नोंदवून घेण्याच्या तयारीचीही मोजणी असते. त्यातच त्या वर्षीपासून व्याख्या विस्तारली होती आणि संमतीचे वय 16 वरून 18 झाले होते. या घटकांचे वाटे वेगळे केल्याशिवाय वाढीचा अर्थ लावता येत नाही.

3. गर्भधारणेचे प्रमाण : तीन अभ्यास

या विषयावरील बहुउद्धृत आकडे अमेरिकेतील आहेत. होम्स आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रजननक्षम वयातील (12 ते 45) पीडितांमध्ये दर बलात्कारामागे 5 टक्के हे प्रमाण मांडले आणि देशभरात वर्षाला 32,101 गर्भधारणांचा अंदाज केला. या अंदाजाच्या मुळाशी प्रत्यक्षात केवळ 34 गर्भधारणा होत्या. जोनाथन व टिफनी गॉटशाल यांनी 2003 मध्ये 405 स्त्रियांच्या माहितीतून 26 गर्भधारणा, म्हणजे 6.42 टक्के, हे प्रमाण काढले. स्वेच्छेच्या एका समागमातून गर्भ राहण्याच्या 3.1 टक्के या प्रमाणाहून ते दुप्पट असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. 405 पैकी 26 एवढ्या लहान नमुन्यात संभाव्य चूक मोठी असते. ढोबळ गणिताने खरे प्रमाण 4 ते 9 टक्क्यांत कोठेही असू शकते. होम्स यांचे 5 टक्के याच पट्ट्यात येतात, म्हणजे या दोहोंत विरोध नाही. दुसरे असे की 3.1 हा आकडा वेगळ्या स्त्रियांवरील वेगळ्या अभ्यासातला असल्याने 'दुप्पट' हा निष्कर्ष दुबळा आहे. मात्र बलात्कारातून गर्भधारणा जवळजवळ होतच नाही, हे 2012 मध्ये अमेरिकेतील सिनेटच्या एका उमेदवाराने केलेले विधान या दोन्ही अभ्यासांपुढे टिकत नाही.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या अभ्यासात गर्भपातबंदी असलेल्या 14 राज्यांत 4 ते 18 महिन्यांच्या बंदीकाळात 5,19,981 बलात्कार आणि त्यांतून 64,565 गर्भधारणा असा अंदाज आहे. हे प्रमाण 12 टक्क्यांहून अधिक पडते. हा आकडा 32,101 च्या दुप्पट दिसतो; परंतु प्रदेश, कालावधी, अत्याचारांची मूळ संख्या आणि गर्भधारणेचे गृहीत प्रमाण या चारही बाबी भिन्न आहेत. दोन्ही आकडे प्रतिमानावर आधारलेले अंदाज आहेत. प्रत्यक्ष शिरगणती नव्हे.

4. गुणाकाराचा मोह

भारतातील संख्या काढण्यासाठी 33,707 ला 5 टक्क्यांनी गुणून 1,685 असे उत्तर देण्याचा मोह होतो. हे उत्तर नेमके दिसते, पण निराधार आहे. 33,707 मध्ये बालिका आहेत आणि प्रौढाही. पळून गेलेल्या तरुण जोडप्याविरुद्ध मुलीच्या पालकांनी दाखल केलेल्या फिर्यादीही आहेत; दिल्लीतील 2013 च्या निकालांच्या एका वृत्तपत्रीय विश्लेषणात पूर्ण चाललेल्या खटल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक खटले संमतीच्या संबंधांचे आढळले. दुसऱ्या बाजूस, न नोंदलेले अत्याचार आणि पतीने केलेली बळजबरी या संख्येत नाहीच.

याहून सूक्ष्म दोष निराळा आहे. आपल्या समाजात पुष्कळदा गर्भ राहिल्यामुळेच तक्रार होते: विवाहाचे आमिष दाखवून फसविल्याची असो, वा अल्पवयीन मुलगी रुग्णालयात आल्यावर बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये (2012) द्यावयाच्या सक्तीच्या माहितीतून झालेली असो. अशा नोंदींत गर्भधारणेचे प्रमाण साहजिकच फुगलेले दिसते. येथे गर्भधारणा नोंदीचे कारण असते. ती अत्याचाराचे सरासरी फलित मानणे म्हणजे केवळ दवाखान्यात आलेल्यांवरून गावातील आजाराचे प्रमाण काढण्यासारखे आहे.

5. दोन कायदे, दोन गणना

1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार बलात्कारातून राहिलेला गर्भ हा मानसिक आरोग्यास गंभीर इजा मानला जातो, आणि गर्भपाताच्या मासिक विवरणपत्रात त्या कारणाचा स्वतंत्र रकाना आहे. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भयाने स्त्रीने अन्य कारण सांगितले तर हा रकाना रिकामा राहतो. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यापुरता 'बलात्कार' या शब्दात पतीने केलेल्या बळजबरीचाही समावेश केला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये मात्र पतीस असलेला अपवाद कायम आहे. एकाच स्त्रीचा गर्भ रुग्णालयाच्या नोंदवहीत बलात्कारजन्य ठरतो, तर पोलीस ठाण्याच्या दप्तरी बलात्कार घडलेलाच नसतो. ही विसंगती गणकाच्या चुकीतून आलेली नाही. ती कायद्यानेच निर्माण केलेली आहे.

निष्कर्ष

या चिकित्सेचा संबंध केवळ संख्याशास्त्राशी नाही. जुलै 2016 मध्ये बलात्काराची तक्रार केलेल्या, 24 आठवड्यांच्या गर्भवतीस सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, कारण तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती. केईएम रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने तपासणी करून अहवाल दिल्यावर तिला परवानगी मिळाली. 2021 पासून अशा स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली. होम्स यांच्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश पीडितांना गर्भ राहिल्याचे दुसऱ्या तिमाहीतच कळले होते. ज्या आकड्याकडे कोणी फिरकत नाही, तो हा आहे. आणि मर्यादा ठरविताना उपयोगी पडणाराही हाच आहे. 'प्रमाण अत्यल्प आहे' असे म्हणून प्रश्न मोडीत काढणारे आणि फुगलेल्या संख्येने लक्ष वेधणारे, दोघेही त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

म्हणून अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात असा कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: मोजणी कोणी केली, कोणत्या व्याख्येने केली, छेदात कोण आहे, आणि ती व्यक्ती त्या नोंदीपर्यंत कशी पोहोचली? तसेच स्त्रीची ओळख उघड न करता आणि तक्रारीची अट न घालता सार्वजनिक रुग्णालयांनी आपली एकत्रित माहिती प्रसिद्ध करावी. पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली स्त्रीही कधी ना कधी रुग्णालयात येतेच. तिची मोजदाद तेथेच होऊ शकते.