रेखाटन आणि नियम : ‘प्रोसेसिंग’चा कलाशिक्षणाच्या अंगाने विचार

कला व डिझाइन शाखांच्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना संगणकाची आज्ञावली लिहावयास कशी शिकवावी, हा प्रश्न अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांनी गांभीर्याने हाताळला. त्यांचा ‘डिझाइन बाय नंबर्स’ हा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील भाषेत विद्यार्थ्याच्या हाती १०० × १०० बिंदूंचा कागद, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटा आणि मोजक्या आज्ञा एवढेच साहित्य असे. माएदा यांचेच विद्यार्थी केसी रियास व बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोसेसिंग’ने हे दारिद्र्य संपविले. रंग, गती, त्रिमिती असे सारे काही त्यात आले, तेही विनामूल्य. चार ओळी लिहिताच पडद्यावर आकृती उमटते. गणिताची धास्ती घेतलेल्या कलाविद्यार्थ्याला याने मोठाच धीर दिला, यात शंका नाही.

तथापि या सुलभतेची एक बाजू दुर्लक्षित राहते. ‘प्रोसेसिंग’मध्ये आज्ञावलीला ‘स्केच’ म्हणतात. हे रूपक आकर्षक असले तरी काहीसे फसवे आहे. रेखाटन करताना हात आणि डोळा क्षणोक्षणी निर्णय घेत असतात. आज्ञावलीत मात्र निर्णय आधी नियमाच्या रूपाने मांडावा लागतो. हे न उमगलेला विद्यार्थी ‘रँडम’ या आज्ञेचा आश्रय घेतो. दरवेळी नवे चित्र येते, ते बऱ्यापैकी देखणेही असते, आणि निवड करण्याचे काम राहूनच जाते.

या संदर्भात जर्मन गणितज्ञ गेओर्ग नेस यांची १९६८ च्या सुमाराची ‘शोटर’ ही कृती अभ्यासण्यासारखी आहे. शोटर म्हणजे खडी. आडव्या १२ व उभ्या २२ चौरसांची ही जाळी वरच्या बाजूस शिस्तबद्ध असते. खाली येता येता चौरस कलतात, सरकतात, अखेरीस विखुरतात. येथेही यदृच्छा आहेच. परंतु तिला किती वाव द्यावयाचा, हे प्रत्येक ओळीगणिक वाढत जाते आणि ही वाढ नेस यांनी ठरविलेली आहे. तो वाव सर्वत्र सारखा ठेवून पाहावा : चित्र उरत नाही, नुसता पसारा उरतो. ही कृती वर्गात पुन्हा लिहून घेतली, तर विद्यार्थ्याने ती हुबेहूब साधली की नाही यापेक्षा वाढीचे प्रमाण बदलून त्याने काय पाहिले, हे तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते. गुणदान मात्र बहुधा पडद्यावरील अंतिम प्रतिमेलाच होते.

नियमाचे हे शिक्षण यंत्राविनाही होऊ शकते. व्हेरा मोल्नार यांना संगणक १९६८ मध्ये उपलब्ध झाला. त्याआधी १९५९ पासून त्या स्वतः ठरविलेले नियम हातानेच पाळून चित्रे काढीत आणि या पद्धतीला ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत. भारतीय वर्गासाठी तर साधन उंबरठ्यावरच आहे. ठिपक्यांच्या कोलमवर गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी व कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये आकृतींच्या व्याकरणाच्या अंगाने संशोधन प्रसिद्ध केले होते. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीतही ठिपके आधी मोजून मांडावे लागतात, रेषा मागाहून येते. अभ्यासक्रमाचे पहिले काही तास संगणक बंद ठेवून अशा कागदी नियमलेखनास दिले, तर पुढे ‘रँडम’ लिहिताना त्याची मर्यादा कोणती आणि ती का, हे विद्यार्थ्याला सांगता येईल.