पदकानंतरचा माणूस

कबीर खान यांचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावर तो बेतला आहे. पेटकर सैन्याच्या ई.एम.ई. दलातले जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर जलतरणात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेतले ते भारताचे पहिले पदक.

एवढी मोठी कहाणी पडद्यावर आली याचा आम्हांला आनंदच आहे. कार्तिक आर्यनची मेहनत दिसते. विजय राज यांनी उभा केलेला टायगर अली हा उस्ताद तर विसरता येत नाही. शिष्याला आधी मुष्टियुद्ध शिकवणारा आणि नंतर पाण्यात उतरवणारा हा माणूस मायेचे चार शब्दही दरडावूनच बोलतो. रुग्णालयाचे प्रसंग आम्हांला सर्वांत खरे वाटले. तिथे युद्ध संपलेले असते, पण जवानाची लढाई संपलेली नसते.

आमची तक्रार पुढची आहे. चित्रपट युद्धावर, पदकावर भरपूर वेळ घालवतो आणि नंतरची चाळीसेक वर्षे जवळजवळ ओलांडून जातो. प्रत्यक्षात पेटकरांना पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी मिळाली. पदक घरात होते, पण घर चालले ते पगारावर. चाकाच्या खुर्चीतला माजी सैनिक कारखान्यात कसा जात असेल, सहकारी त्याच्याशी कसे वागत असतील, पहिला पगार हाती आल्यावर त्याला काय वाटले असेल? लेखक-दिग्दर्शकाला इथे फार मोठा ऐवज होता. त्याऐवजी आपल्याला पोलीस ठाण्यात राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार द्यायला आलेला म्हातारा दिसतो. आरंभी त्याचे हसे होते. नंतर त्याची कहाणी ऐकून सारे गहिवरतात. म्हणजे मान मिळायचा तर आधी पराक्रम सांगावा लागतो.

वास्तवही फार वेगळे नाही. पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, पेटकरांना 'पद्मश्री' मिळाली. १९८२ मध्ये ज्या अर्जुन पुरस्काराने त्यांना हुलकावणी दिली, तो जीवनगौरवाच्या रूपाने जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी हाती आला.

आपल्या गावोगावी ऐन चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त झालेले जवान आहेत. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो, कुणी पुन्हा शेतीकडे वळतो. त्यांच्याकडे पदक नाही, म्हणून त्यांच्यावर चित्रपट निघणार नाही. पण कथा तर लिहिता येईल! ते काम आपणा लेखकांचे आहे, असे आम्हांला वाटते.