अर्जुनाची शंका आणि आमचे उत्तर

कीर्तन संपून टाळ-पखवाज आवरले, तरी मंडपाच्या कडेला एखादा माणूस रेंगाळत उभा असतो. असाच एक शेतकरी मला आठवतो. म्हणाला, "महाराज, बारा वर्षं माळ पाळली, आषाढी चुकवली नाही. मग पोरगं गेलं आन् दारूला लागलो. माळ काढून ठेवली. त्या बारा वाऱ्या फुकट गेल्या का हो?"

मी त्याला माळेचे नियम सांगितले, चार प्रमाणे म्हटली. तो पाया पडून निघून गेला. पुढच्या वर्षी दिंडीत मी त्याला शोधले, दिसला नाही.

पुष्कळ दिवसांनी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पुन्हा चिंतनाला घेतला, तेव्हा ध्यानात आले की त्याची शंका अर्जुनाचीच होती. श्रद्धा आहे, पण साधन मध्येच सुटले. असा पुरुष फुटक्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का, असे गीतेत अर्जुन विचारतो. भगवंत नियम सांगत बसत नाहीत. आधी 'तात' म्हणून जवळ घेतात, आणि कल्याण करू पाहणाऱ्याला दुर्गती नाही, असे अभय देतात. मागची बुद्धी त्याला पुढे पुन्हा लाभते आणि तेथून तो चालू लागतो. म्हणजे वाऱ्या फुकट जात नाहीत. एवढेच त्याला हवे होते.

त्याच अध्यायात थोडे आधी चंचल मनाची तक्रार आहे. मूळ श्लोकात दृष्टांत वाऱ्याचा आहे. माउलींनी त्याला माकडाची जोड दिली: माकडाला समाधी लागायची कशी? ज्याने गावच्या पिंपळावर माकडे पाहिली, त्याला ही शंका आपलीच वाटते. भगवंतही प्रथम मान्य करतात की मन आवरणे कठीणच आहे. मग अभ्यास आणि वैराग्य हा उपाय. त्यावर माउली मनाचा एक गुण दाखवतात: जिथे गोडी लागते तिथे ते सोकावते, म्हणून त्याला आत्मसुखाचीच चटक लावावी. ज्या खोडीने माणूस बुडतो, तीच तरण्याच्या कामी लावली.

या कसाला आमची कीर्तने लावून पाहिली, तर उणे दिसते. पाठांतर भरपूर, चाली गोड, निरूपणही ग्रंथाला धरून. पण कुणी न विचारलेल्या शंकेचे समाधान आम्ही दोन तास करतो आणि विचारलेल्या शंकेला प्रमाणाखाली झाकतो. प्रमाण खोटे नसते. ते कुणाला, केव्हा द्यायचे, हा विवेक सुटतो.

कुणी म्हणेल, अशाने चुकीला मोकळीक मिळेल. तसे नाही. अभय दिल्यावरही भगवंतांनी योगी होण्याची आज्ञा सोडलेली नाही. मी त्या शेतकऱ्याला आधी अभय देऊन मग माळ पुन्हा घालायला सांगितले असते, तर नियम मोडला नसता.

आता गळा चालत नाही, कीर्तन थांबले आहे. तरुण कीर्तनकारांना हात जोडून एवढेच सांगणे: अभंग सोडण्याआधी एकदा मंडपाच्या कडेला पाहा. अर्जुन तिथे उभा असतो.

रामकृष्ण हरि.