त्रैराशिक: आकडेमोड बरोबर, गृहीतक चूक

'5 वह्यांची किंमत 200 रुपये, तर 8 वह्यांची किती?' हे गणित आपण सर्वांनी शाळेत सोडवले आहे. 200 ला 8 ने गुणायचे, 5 ने भागायचे. उत्तर 320 रुपये. तीन राशी माहीत असताना चौथी काढण्याच्या या रीतीला त्रैराशिक म्हणतात. 'आर्यभटीय' (इ.स. 499) या ग्रंथात ती आहे आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (इ.स. 1150) तिचे सविस्तर विवेचन आहे.

रीत निर्दोष आहे. आक्षेप आहे तो ती शिकवण्याच्या पद्धतीवर. 'समप्रमाण' असे प्रकरणाचे शीर्षक वाचले की पुढच्या सगळ्या उदाहरणांत समप्रमाण असणार, हे विद्यार्थ्याला आधीच कळते. ते खरोखर आहे का, हे तपासण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही.

याबाबतीत 'लीलावती' एक पाऊल पुढे आहे. एक राशी वाढल्यावर दुसरी घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक वापरावे, असे ती सांगते. म्हणजे आधी नाते पाहा, मग रीत लावा. पण तिथलेही एक उदाहरण तपासून पाहू. 16 वर्षांच्या स्त्रीची किंमत 32 निष्क, तर 20 वर्षांच्या स्त्रीची किती? माणसाची किंमत करणे आज खटकते आणि खटकलेच पाहिजे. गणितापुरते पाहिले तर उत्तर 16 × 32 ÷ 20 = 25.6 निष्क. हाच नियम 1 वर्षाच्या मुलीला लावला, तर 512 निष्क येतात! आकडेमोड अचूक, निष्कर्ष निरर्थक. नाते कोणत्या मर्यादेत खरे, हे सांगितलेलेच नाही.

अभियांत्रिकीत ही चूक जिवावर बेतू शकते. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक 0.7 धरला, तर ताशी 40 किमी वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 9 मीटरवर थांबते. ताशी 80 किमीला किती अंतर लागेल? त्रैराशिकाने 18 मीटर. प्रत्यक्षात 36 मीटर, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

म्हणून त्रैराशिक मांडण्याआधी तीन प्रश्न विचारा.

1. पहिली राशी शून्य केली, तर दुसरी शून्य होते का? समजा, रिक्षाचे पहिल्या 2 किमीचे भाडे 40 रुपये आणि पुढे दर किमीला 15 रुपये आहे. मग 4 किमीचे भाडे 70 रुपये होते, 80 नव्हे. किमान भाडे आले की समप्रमाण मोडते.

2. पहिली दुप्पट केली, तर दुसरीही दुप्पटच होते का? ब्रेकचे उदाहरण पहिल्या कसोटीला उतरते, इथे नापास होते.

3. हे नाते कुठपर्यंत टिकते? स्प्रिंगची लांबी भाराच्या प्रमाणात वाढते, पण विशिष्ट मर्यादेपर्यंतच. त्यापुढे हूकचा नियम लागू होत नाही.

या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिल्याशिवाय गुणाकार सुरू करू नका.

सरावासाठी: दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईच्या मध्यावर भार ठेवला आहे. भार आणि छेद तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मध्यावरील झुकाव किती पट होईल? 'दुप्पट' हे उत्तर आले, तर दुसरा प्रश्न पुन्हा वाचा. खरे उत्तर आठपट आहे.