नावांची साखळी आणि शहराचे सातत्य : खडकी ते छत्रपती संभाजीनगर या प्रवासाच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या इतिहासात प्रतिष्ठान (पैठण), देवगिरी (दौलताबाद) आणि खडकी ही तीन सत्ताकेंद्रे एकमेकांपासून फार दूर नसलेल्या प्रदेशात वेगवेगळ्या काळी उदयास आली. यांपैकी खडकी हे सर्वांत अलीकडचे केंद्र होय. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये या खेड्याला राजधानीचा दर्जा दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १६२६ मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने शहराचे नाव फतेहनगर ठेवले. पुढे दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाच्या काळात, १६५३ मध्ये, ते औरंगाबाद झाले. मोगल व आसफजाही दप्तरांत ते 'खुजिस्ता बुनियाद' या बिरुदानेही ओळखले जाई. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या मान्यतेनंतर शहराला 'छत्रपती संभाजीनगर' हे नाव मिळाले.

चार शतकांत इतकी नावे धारण करणाऱ्या या शहराविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि, या लेखनाचा बहुतांश भाग नाव देणाऱ्या सत्ताधीशांभोवतीच फिरताना दिसतो. नाव बदलले की प्रकरण बदलते आणि जुन्या प्रकरणातील माणसे पुढच्या प्रकरणात दिसेनाशी होतात. प्रस्तुत लेखात या लेखनपद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) शहराच्या इतिहासलेखनातील सत्ताकेंद्री मांडणीच्या मर्यादा तपासणे.
२) उपलब्ध स्थानिक साधनांतून शहरजीवनाचे कोणते चित्र उभे राहते, हे पाहणे.
३) अनेक नावे बदललेल्या व्रोत्सवाफ या पोलिश शहराच्या इतिहासलेखनाशी तुलना करून पर्यायी मांडणीच्या शक्यता शोधणे.

सत्ताकेंद्री मांडणी आणि तिच्या मर्यादा :

शहराच्या प्रचलित इतिहासाचा आराखडा साधारणपणे ठरलेला आहे. मलिक अंबरने शहर वसविले, औरंगजेबाने ते वाढविले, निजामाने राजधानी हैदराबादला नेली आणि शहर ओस पडले. या आराखड्यात घटना खोट्या नाहीत. परंतु त्यांची निवड एकांगी आहे.

पहिले उदाहरण खुद्द मलिक अंबरचे घेता येईल. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या या पुरुषाचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे. १६१६ आणि १६२१ अशा दोन वेळा मोगल फौजांनी खडकीचा विध्वंस केला आणि दोन्ही वेळा शहर पुन्हा उभे राहिले. ते कोणी उभे केले, याचे उत्तर बहुतेक ग्रंथ 'मलिक अंबरने' एवढ्या एका शब्दात देतात. वास्तविक मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या जुन्या वस्त्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडल्याचे सांगितले जाते. म्हणजे हबशी वजिराच्या राजधानीत मराठा सरदारांच्या वसाहती आरंभापासूनच होत्या. तीच गोष्ट मोगल काळाची. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा ही नावे बिकानेर, आमेर आणि बुंदी येथील राजपूत सरदारांची आठवण देतात. शहराच्या मुख्य नावात एकाच सत्ताधीशाची स्मृती असते, पुऱ्यांच्या नावांत मात्र अनेकांची. इतिहासकारांनी पहिल्याकडे जितके लक्ष दिले तितके दुसऱ्याकडे दिले नाही.

दुसरे उदाहरण हिमरू विणकामाचे. ही कला महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या कारागिरांनी रुजविली, असे सर्रास लिहिले जाते. येथेही कारागिराच्या हातातील कसब राजाज्ञेच्या हवाली केले जाते. सूत आणि रेशीम एकत्र विणणारा हा विणकर एवढ्या सत्तांतरांतून कसा टिकला, त्याचा ग्राहक कोण होता, राजधानी गेल्यावर त्याने काय केले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

गॅझेटियरची चौकट :

या मांडणीचे मूळ काही अंशी गॅझेटियर या ग्रंथप्रकारात आहे. निजाम सरकारच्या काळात १८८४ साली औरंगाबाद जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती १९७७ मध्ये आली. या दोन्ही ग्रंथांचे ऋण प्रत्येक अभ्यासकाला मान्य करावे लागते. पुरे, दरवाजे, नहरी, उद्योग यांची जी माहिती १८८४ च्या ग्रंथात नोंदली गेली, ती अन्यथा कायमची हरवली असती.

परंतु गॅझेटियरची प्रकरणरचना इतिहासाचे विभाजन करते. 'इतिहास' या प्रकरणात राजे, लढाया आणि तह येतात. व्यापार-उद्योग आणि स्थळवर्णन यांची प्रकरणे स्वतंत्र असतात. परिणामी नहर-ए-अंबरी ही इतिहासाची नव्हे, तर 'प्रेक्षणीय स्थळांची' बाब ठरते. वस्तुतः या शहराचा इतिहास पाण्यापासून सुरू करता येतो. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत नळांतून, केवळ उताराच्या आधारे, वस्तीपर्यंत आणण्याची ही व्यवस्था सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आकारास आली. पुढे आणखी नहरी काढल्या गेल्या. १७४४ मध्ये पाणचक्की उभी राहिली, तीही अशाच एका नहरीवर. त्या पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यावर खानकाहातील फकीर, विद्यार्थी व वाटसरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. अंबरी, मोगल आणि आसफजाही असे तीन कालखंड या पाण्याने जोडले आहेत. शहराचे नाव तीनदा बदलले, तरी पाणी वाहत राहिले. ही सलगता गॅझेटियरच्या चौकटीत दिसू शकत नाही, आणि नंतरच्या मराठी लेखनाने ती चौकट फारशी ओलांडलेली नाही.

स्थानिक साधने आणि भाषांच्या भिंती :

शहरातील सामान्य जीवन सांगणारी साधने उपलब्ध नाहीत, अशी तक्रार वारंवार केली जाते. ती पूर्णतः खरी नाही. भीमसेन सक्सेना या कायस्थ लेखकाच्या फारसी आत्मवृत्तात, म्हणजे 'तारीख-ए-दिलकुशा'त, औरंगाबादचे अनेक तपशील येतात. १६६६ मध्ये आग्र्याला जाताना शिवाजी महाराज या शहरात आले, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी नगरवासीयांनी गर्दी केली. मोगल अधिकारी सफशिकनखान मात्र सामोरा आला नाही, त्याने आपल्या पुतण्याला पाठविले. महाराज त्यामुळे नाराज होऊन थेट मुक्कामी गेले आणि अखेर खानालाच भेटीस यावे लागले. या प्रसंगाचा उपयोग बहुधा महाराजांच्या स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात शहराविषयीही एक महत्त्वाची नोंद दडलेली आहे. अधिकाऱ्याने जो मान नाकारला, त्याच पुरुषाला पाहण्यास शहर रस्त्यावर आले. सत्तेचे शहर आणि लोकांचे शहर यांतील हा फरक इतिहासलेखनाने टिपला पाहिजे.

बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहातील 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया' या ग्रंथाचे सायमन डिग्बी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य आशियातून आलेले सैनिक, फकीर आणि त्यांचे दैनंदिन व्यवहार त्यात दिसतात. नाइल ग्रीन यांचा २००६ मधील अभ्यास सुफी दर्गे, ग्रंथ आणि सत्ता यांचे नाते उलगडतो. हे दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. मात्र त्यांच्या विषयमर्यादेमुळे त्याच शहरातील मराठी जग त्यांच्या बाहेर राहते.

याउलट स्थिती मराठी वाङ्मयेतिहासाची आहे. कटाव या रचनाप्रकारासाठी प्रसिद्ध असलेले अमृतराय (१६९८-१७५३) याच शहरात राहिले. सिराज औरंगाबादी हे उर्दू-दखनी गझलेतील मोठे नाव त्यांचे समकालीन. लछमीनारायण शफीक यांचा जन्म १७४५ मध्ये येथेच झाला. त्यांनी उर्दू-फारसी कवींचे चरित्रसंग्रह लिहिले आणि मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिला. 'मआसिर-उल-उमरा' हा मोगल सरदारांचा चरित्रकोशही याच शहरात शाहनवाजखानाने सिद्ध केला. अठराव्या शतकाच्या मध्यास एकाच तटबंदीच्या आत हे सर्व घडत होते. तरीही अमृतराय मराठी वाङ्मयाच्या इतिहासात, सिराज उर्दूच्या इतिहासात आणि शफीक फारसी साधनांच्या सूचीत, असे तिघे तीन ग्रंथांत विभागले गेले आहेत. त्यांचे शहर एक होते, हे सांगणारा ग्रंथ मराठीत लिहिला जाणे आवश्यक आहे. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून हा मार्ग दाखविला होता. त्या मार्गावर पुढे जाण्यासाठी फारसी व मोडी या दोन्हींचे ज्ञान लागते, आणि नव्या अभ्यासकांची खरी उणीव तेथे आहे.

व्रोत्सवाफ : एक तुलना :

ओडर नदीकाठचे व्रोत्सवाफ हे शहर पोलिश, बोहेमियन, हाब्सबुर्ग, प्रशियन आणि जर्मन सत्तांखाली राहिले आणि १९४५ मध्ये पुन्हा पोलंडमध्ये आले. जर्मन काळात ते ब्रेस्लाव होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडच्या तत्कालीन शासनाने या प्रदेशाला 'परत मिळविलेली भूमी' म्हटले आणि मध्ययुगीन पोलिश राजवंशाशी नाते सांगून मधली शतके बाजूला सारली. १९८९ नंतर ही भूमिका बदलली. नगराध्यक्षांच्या पुढाकाराने नॉर्मन डेव्हिस आणि रॉजर मूरहाउस यांनी शहराचा इतिहास लिहिला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक कालखंडासाठी शहराचे त्या काळी रूढ असलेले नावच वापरले आहे. कोणतेही नाव खोडलेले नाही आणि कोणत्याही एका नावाला अंतिम ठरविलेले नाही.

ही तुलना उपयुक्त आहे, पण ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. व्रोत्सवाफमध्ये नावासोबत माणसेही बदलली. महायुद्धानंतर जर्मन रहिवाशांना शहर सोडावे लागले आणि पूर्वेकडून, ल्वुफसारख्या गमावलेल्या शहरांतून, पोलिश कुटुंबे तेथे आली. तेथील इतिहासकाराला तुटलेला धागा जोडावा लागला. खडकी-औरंगाबादमध्ये सत्तांतराबरोबर संपूर्ण लोकवस्ती बदलल्याचे दिसत नाही. माणसे आली, काही गेली. परंतु शहराचा व्यवहार चालू राहिला. म्हणून येथे नावानुसार प्रकरणे पाडण्याची पद्धत डेव्हिस-मूरहाउस यांच्या ग्रंथाइतकी स्वाभाविक ठरत नाही. उलट तीमुळे अस्तित्वात नसलेली तूट निर्माण होते. तेथील ग्रंथकारांकडून घ्यावयाचे ते त्यांच्या प्रकरणांची नावे नव्हेत, तर कोणत्याही काळातील रहिवाशाला परका न मानण्याची त्यांची वृत्ती होय.

विसरलेली दोन शतके आणि नावाचे मोल :

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. या वर्षानंतर प्रचलित इतिहास जवळजवळ थांबतो आणि एकदम १९४८ च्या मुक्तिसंग्रामापाशी सुरू होतो. मधल्या काळातील १८५७ चा येथील घोडदळाचा उठाव काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक, या स्थळापुरता उरतो. १९०० च्या सुमारास आलेल्या मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने बाजारपेठ कशी बदलली, याचा विचार क्वचितच होतो.

स्वातंत्र्योत्तर काळाचेही तसेच. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय सुरू केले, त्यातून पुढे मिलिंद महाविद्यालय नावारूपास आले. गावकुसाबाहेरची मुले तेथे शिकली आणि दलित साहित्याच्या घडणीत या शहराचा मोठा वाटा राहिला, डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' येथूनच निघाले. मलिक अंबरच्या राजधानीइतकीच ही घटनाही शहराच्या इतिहासातील पायाभरणी आहे.

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. नावांना गौण लेखणे म्हणजे त्यांमागील भावना नाकारणे नव्हे काय? मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार याचे उत्तर देतो. १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केल्यानंतर १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे त्यासाठी संघर्ष झाला, दलित वस्त्यांनी हिंसा सोसली. ज्यांना इतिहासाने नावच दिले नव्हते, त्यांच्यासाठी नाव ही प्रतिष्ठेची मागणी असते. त्यामुळे नाव क्षुल्लक आहे, असे म्हणता येत नाही. आक्षेप एवढाच आहे की, नावावर इतिहास संपवू नये. ज्या नावाने समाज आपला सन्मान व्यक्त करतो, त्या नावाखाली राहणाऱ्या सर्वांचा वृत्तांत लिहिणे ही इतिहासकाराची जबाबदारी उरतेच.

निष्कर्ष :

१) शहराचे प्रचलित इतिहासलेखन नाव देणाऱ्या सत्ताधीशांवर केंद्रित असल्याने त्यात कृत्रिम खंड निर्माण झाले आहेत.
२) पाणीव्यवस्था, पुरे, विणकाम यांचा अभ्यास केल्यास शहराच्या सातत्याचा अधिक विश्वसनीय आधार मिळतो.
३) मराठी, दखनी-उर्दू आणि फारसी साधने एकत्र वाचल्याखेरीज अठराव्या शतकातील शहर समजत नाही.
४) १७६३ ते १९४८ हा कालखंड आणि त्यानंतरची शैक्षणिक-सामाजिक घडण यांना इतिहासात स्वतंत्र स्थान देणे गरजेचे आहे.

तटबंदीचा मोठा भाग नाहीसा झाला आहे, अनेक दरवाजे पडले आहेत आणि नहरी बांधकामांखाली गाडल्या जात आहेत. नाव शासनाच्या अधिसूचनेने देता येते वा बदलता येते. बुजलेली नहर मात्र कोणत्याही अधिसूचनेने पुन्हा वाहती होत नाही. म्हणून या शहराचा नवा इतिहास लिहिताना नहरींची नोंद करण्याचे काम आधी हाती घेतले पाहिजे.