अंतर कोण मोजणार?

रानात प्रेत सापडले आणि मारेकरी कोण हे कळले नाही, तर काय करावे, याविषयी अनुवादाच्या 21व्या अध्यायात एक नियम आहे. प्रेतापासून सभोवारच्या गावांचे अंतर मोजावे. सर्वांत जवळच्या गावाच्या वडीलजनांनी त्या रक्ताविषयी देवापुढे उभे राहावे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) हा मराठी चित्रपट पाहताना आम्हांस हा नियम वारंवार आठवला.

मुंबईत गटार साफ करणारा वासुदेव पवार मॅनहोलमध्ये मृत्यू पावतो. पोलीस पकडतात ते लोकशाहीर नारायण कांबळे यांना. त्यांच्या गाण्यामुळे पवारने आत्महत्या केली, असा आरोप! दंड विधानाचे तेव्हाचे कलम 306 (आता भारतीय न्याय संहितेचे 108) लागू होण्यास चिथावणी अथवा हेतुपुरस्सर साहाय्य सिद्ध व्हावे लागते. येथे पुरावा कोणता? कांबळे यांचे शब्द.

पवारची विधवा साक्ष देते आणि न्यायालयासमोर वेगळेच सत्य येते. नवऱ्यापाशी सुरक्षेची साधने नव्हती. दुर्गंधी सोसावी म्हणून तो दारू पीत असे. गटारातून झुरळे बाहेर आली, तर आत श्वास घेता येईल, हीच त्याची परीक्षा. मृत्यूचे अंतर मोजायचे, तर ते गाण्यापासून की त्याला तसेच आत उतरविणाऱ्यांपासून? हा प्रश्न त्या न्यायालयात कोणी विचारीत नाही.

दिग्दर्शकाचे यश हे की, त्याने खलपुरुष उभा केला नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, त्या तुमच्या-आमच्यासारख्याच. मर्सी फर्नांडिस नावाच्या स्त्रीची सुनावणी न्यायाधीश पुढे ढकलतात, कारण तिच्या पोशाखाला बाह्या नाहीत. नियम पाळले जातात, माणूस मात्र हरवतो. जामिनावर सुटलेल्या कांबळे यांना पुन्हा अटक होते, उन्हाळी सुटी लागते आणि रिकाम्या न्यायदालनातील दिवे मालविले जातात. तो अंधारच चित्रपटाचा निकाल होता. त्यानंतर सहलीवरील न्यायाधीशांच्या हातून लहान मुलाला बसणारी चपराक आम्हांस अनावश्यक वाटली.

कायदा अंतर मोजतच नाही, असे नव्हे. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस 10 लाख रुपये भरपाई ठरविली. 2023 साली ती 30 लाख झाली. तुरुंगांत 2012 ते 2015 या काळात आत्महत्येसह अनैसर्गिक मृत्यू आलेल्या कैद्यांच्या वारसांस भरपाई मिळावी, यासाठी 2017 साली त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयांस पुढाकार घ्यावयास सांगितले. ज्याच्या कुलपाखाली माणूस, त्याच्यावर त्याची जबाबदारी, हेच या आदेशामागचे तत्त्व आहे.

चित्रपटातील दुसरी अटक बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली होते. त्याच कायद्याखाली येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली. कंपवातामुळे पेला धरता येत नसलेल्या या वृद्धास तळोजा तुरुंगात साध्या स्ट्रॉसाठी अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84व्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते बंदीच होते. जामीन मिळालाच नव्हता.

हा चित्रपट कुटुंबासह अवश्य पाहावा. तो संपल्यावर आपल्या वस्तीचे गटार कोण उपसतो, हे मुलांनी विचारले, तर उत्तर टाळू नये. जवळचे गाव आपलेच असेल.